नाईट चालू आहे

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं म्हणजे चार शब्द यावेच लागतात. तरी 'नाईट' या शब्दाचा अर्थ मला इथे येऊन नव्याने शिकावा लागला. शाळेत शिकवलं होतं, नाईट म्हणजे रात्र. या घरात रात्रीला कुणी नाईट म्हणत नसे. अंधार पडला, जेवणं झाली, अंथरुणं घातली की ती रात्र. नाईट ही वेगळीच चीज होती. नाईट लागायची, नाईट बदलून मिळायची, कधी कुणा दुसऱ्याची नाईट गळ्यात पडायची. सुटीच्या दिवशी बाबा डोळे चोळत नुसते बसून राहिले की आई म्हणायच्या, "अजून नाईट उतरली नाही त्यांची."

बाबा म्हणजे माझे सासरे आणि आई म्हणजे सासूबाई. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात ते पॅनलवर होते. रात्रभर मोटारी चालवायच्या आणि उंचावरची टाकी भरून ठेवायची, म्हणजे सकाळी लोकांनी नळ सोडला की पाणी. तिथले सगळे त्यांना टाकीवाले म्हणत. मागितली असती तर दिवसपाळी मिळाली असती, पण त्यांनी कधी मागितली नाही. दिवसा साहेब लोक असतात, त्यापेक्षा मोटारी बऱ्या, उलट बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता हे इथवर कुणालाही कळेल. पण आमच्याकडे त्या शब्दाचा खरा वापर दुपारी व्हायचा. बाबा सकाळी घरी येत, अंघोळ करून दोन घास खात आणि आतल्या खोलीत जाऊन झोपत. तिथून संध्याकाळपर्यंत घरात नाईट चालू असे. बाहेर ऊन नुसतं रणरणतंय, खिडकीतून रस्ता पांढराफटक दिसतोय, आणि आई तोंडावर बोट ठेवून सांगतायत, "हळू. नाईट चालू आहे." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंच्या डोक्यात काहीतरी फरक आहे.

माझ्या माहेरी सहा माणसं एकाच वेळी बोलायची आणि सातवा रेडिओ. तिथून मी या घरात पडले. इथे दाराची घंटा तार तोडून मुकी केलेली. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे घातलेले. भांडी धुऊन झाली की एकावर एक न ठेवता फडक्यावर एकेक करून पसरायची. कुकर होता, पण तो सुटीच्या दिवशीच बाहेर यायचा, एरवी सगळं उघड्या पातेल्यात शिजायचं. माझा नवरा शिंक आली की नाक धरून घराबाहेर पळायचा. लग्नाला चार दिवस झालेले, मी जवळ जाऊन बसले की हा उठून बाहेर. मी रडकुंडीला आले, शेवटी विचारलं, माझा वास येतो का? तेव्हा कळलं की नव्या अत्तराने त्याला शिंका येतायत आणि आत नाईट चालू आहे.

माझ्या नणंदेची, म्हणजे ताईंची, एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्या लहान असताना शाळेत बाईंनी 'डे' आणि 'नाईट' अशी दोन चित्रं काढायला सांगितली. ताईंनी नाईटच्या चित्रात खिडकी काढली, खिडकीबाहेर भला मोठा सूर्य काढला, आत पांघरूण घेतलेले बाबा आणि शेजारी तोंडावर बोट ठेवलेली आई. बाईंनी फुली मारली. आईंचा त्या बाईंवर अजून राग आहे. "पोरीने बघितलं तेच काढलं," त्या म्हणतात, "आमच्याकडे येऊन बघायचं होतं एकदा."

एकदा माझ्या हातून ताट निसटलं. ते गरगरत, वाजत, अगदी सावकाश थांबलं, आणि तोवर आई डोळे मिटून उभ्या होत्या. मी आधीच वैतागलेली, तोंडातून गेलंच, "आई, या घरात माणसं राहतात की पाली?"

आई चिडल्या नाहीत. ताट उचलून पुसत हळूच म्हणाल्या, "पाली तरी चुकचुकतात गं."

एवढं जपायला कारण होतं, ते मला पुढे कळलं. ताई लहान असताना एका दुपारी तापाने फणफणल्या होत्या. आईंनी घाबरून बाबांना झोपेतून उठवलं, दवाखान्यात नेलं, सगळं ठीक झालं. त्या रात्री बाबांचा पॅनलवर डोळा लागला. टाकी भरून वाहिली, खालच्या वस्तीत घरांत पाणी शिरलं, कुणाची अंथरुणं भिजली, कुणाचं धान्य गेलं. बाबांची चौकशी झाली. बाबा ते केव्हाच विसरले, पण आईंच्या मनातून ते गेलं नाही. नाईटच्या माणसाला उठवायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. घर पेटलं तरी आधी आग विझवायची, मग उठल्यावर सांगायचं.

दुपारी काहीही काम केलं तरी आवाज होतो, म्हणून आई काम करत नसत. मधल्या खोलीत चटई टाकून पडायच्या. आतल्या दाराची कडी वाजते म्हणून ते दार नुसतं लोटून ठेवायचं, मध्ये फडक्याची घडी घालायची, म्हणजे ते आपटतही नाही आणि बाबांना वाराही लागतो. त्या फटीसमोर आईंची चटई. माझ्या सुटीच्या दिवशी मी घरी असले की बघायची, आई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, हाताची उशी करून पडलेल्या. कूस बदलायची तरी चटई वाजेल म्हणून बदलायच्या नाहीत.

"झोप लागते का हो तुम्हाला अशी?" मी विचारलं होतं.

"छे गं. दिवसाउजेडी मला कुठली झोप? पडते आपली. कान तिकडे असतात."

रात्री तरी कुठे झोपायच्या! बाबा पंपघरात, तर आई घरात जाग्या. मोटारीने हात ओढला तर, करंट बसला तर, असं काय काय मनात आणत बसायच्या. हे बाबांना माहीत होतं. दुपारची ती चटई मात्र त्यांना झोपच वाटायची. संध्याकाळी चहा पिताना चिडवायचे, "दिवसा झोपायचा हक्क नोकरीने मला दिलाय, आणि घोरत पडते ही." आई हसून सोडून द्यायच्या. मी एकदा म्हटलं, खरं सांगून का टाकत नाही? तर म्हणाल्या, "कशाला? मी झोपते म्हटलं की त्यांनाही स्वस्थ झोप लागते."

तो दिवस साधाच होता. बाबा सकाळी आले. आई सांगतात, त्या दिवशी त्यांनी निम्मंच खाल्लं. म्हणाले, "हात जड झालाय. व्हॉल्व्ह फार घट्ट बसलेत हल्ली." उशाशी पाण्याचा ग्लास ठेवून झोपले. मी दुकानात गेले, नवरा गोदामात गेला. औषधांच्या गोदामात आहे तो.

संध्याकाळी मी परत आले तर दिवे लागलेले, चहा करून झाकून ठेवलेला आणि आई चटईवर बसलेल्या. बाबांची उठायची वेळ टळून गेली होती.

"उठले नाहीत?"

"उठतील. काल दोन मोटारी बंद होत्या म्हणे. दमलेत."

चप्पल काढेपर्यंत माझा फोन वाजला. पंपघरातून होता. टाकीवाले निघाले का, असं विचारत होते. मी आईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको. मी सरळ जाऊन दार ढकललं.

बाबा जागे होते. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उशी लाळेने भिजलेली. ते माझ्याकडे बघत होते. बोलायला गेले आणि घशातून नुसता आवाज आला. ग्लास पलंगाजवळ नव्हता. दाराजवळ, उंबऱ्याला टेकून आडवा पडला होता, आणि पाणी वाळून जमिनीवर डाग उरला होता. मी किंचाळले. मागून आई म्हणाल्या, "हळू गं." नुसत्या सवयीने म्हणाल्या. मग आत आल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नक्की केव्हा झालं हे?"

आई म्हणाल्या, "नाईट चालू होती तेव्हा."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, वर म्हणाले, "म्हणजे काल रात्री? आणि तुम्ही आत्ता आणताय?" मला तिथे उभं राहून आमच्या घरातल्या नाईटचा अर्थ समजावून सांगावा लागला. हे दिवसा झालं, आज दुपारी, ते झोपले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दिवसभर कुणीच आत गेलं नाही का, असं त्यांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. लगेच आणलं असतं तर ती विरघळवण्याचं औषध देता आलं असतं, आता त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळं नीट ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. बाबांना बघून बाहेर आल्या आणि रडतच आईंना म्हणाल्या, "एकदा डोकावून बघायचंस ना गं! एकदा तरी!"

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "ताई, तुम्ही याच घरात वाढलात. तुम्ही कधी डोकावला होतात?" ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मीही रडले. दोघींचा समेट झाला, पण ताईंचं ते बोलणं आईंच्या कानात जायचं ते गेलंच.

बाबा घरी आले ते उजवी बाजू लुळी घेऊन. समजायचं सगळं, बोलता काही यायचं नाही. काही सांगायला जात आणि 'अं, अं' होई, मग डाव्या हाताने पलंगावर बुक्की मारत. ते घरी आल्यावर चार-आठ दिवसांनी आईंनी मला स्वयंपाकघरात धरलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"ग्लास कुठे पडला होता?"

मी काही बोलायच्या आतच त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. दुपारी त्यांनी ग्लास पडल्याचा आवाज ऐकला होता. "मी जागी होते गं. टक्क जागी. खणकन आवाज झाला, मग गडगडत आला. मनात आलं, बघावं. मग म्हटलं, पाणी प्यायला उठले असतील, आता पुन्हा डोळा लागेल, आपण गेलो तर झोपमोड. उठले नाही. हललेसुद्धा नाही. तशीच पडून राहिले." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "त्यांनी मला बोलवायला तर पाडला नसेल ना? तोंडातून हाक निघेना म्हणून?"

"पलंगाखाली होता," मी म्हटलं. "अगदी पायाशी. धक्का लागून पडला असेल."

खोटं बोलले. इतकं सहज बोलले की मलाच नवल वाटलं. पलंगाशी नुसता निसटलेला ग्लास पार उंबऱ्यापर्यंत कसा जाईल? मला खात्री होती की त्यांनी तो फेकला. ज्या बाजूला आई पडल्या होत्या त्याच बाजूला, चांगल्या हाताने, असेल नसेल तेवढा जोर लावून फेकला, आणि आई फटीपलीकडे जाग्या असून आल्या नाहीत.

आईंचं तेवढ्याने समाधान झालं नाही. दर दोन-चार दिवसांनी विचारायच्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "नक्की पलंगाखालीच ना?" मी हो म्हणायची. त्या मान हलवायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "जाऊ दे. बोलायला लागले की त्यांनाच विचारीन."

तेव्हापासून मी बाबांच्या बोलण्याकडे कान लावून बसायला लागले.

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. आम्ही तिला स्पीचच्या मॅडम म्हणायचो. वयाने माझ्याहून लहान, पण आवाज असा खणखणीत की आमच्या घराच्या भिंतींनी तसा कधी ऐकला नसेल. ती दुपारी यायची. बाबांच्या अंगातली नाईट काही गेली नव्हती. रात्री टक्क जागे, दिवसा गाढ. पहिल्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "आजी, उठवा त्यांना."

आई आत गेल्या. बराच वेळ झाला तरी हाक नाही की काही नाही. मी जाऊन बघितलं तर त्या पलंगाशी उभ्या होत्या. हात पुढे केलेला, बाबांच्या खांद्यापासून वीतभर अलीकडे थांबलेला.

"जमत नाही गं," त्या म्हणाल्या. "तूच उठव."

उठवलं मी. पुढेही बरेच दिवस मीच, नाहीतर नवरा. मग हळूहळू आई शिकल्या. आणि शिकल्या त्या इतक्या की बाबांना धड झोपू देईनात. घटकेघटकेला आत जायच्या, खांद्याला हात लावायच्या, "अहो, बरं आहे ना?" बाबा दचकून डोळे उघडत, ओळख पटली की वैतागून मान फिरवत. मी म्हटलं, "आई, त्यांना झोपू द्या की." तर म्हणाल्या, "आता झोपू देऊन काय वाचवायचंय?" दाराची घंटा त्यांनीच जोडून घेतली. कुकर रोज लागायला लागला. शिट्टी झाली की आम्ही तिघंही अजून दचकायचो.

मॅडम शिकवत होत्या आणि बाबा शिकत होते. आधी नुसते आवाज, मग जोडून आवाज, मग चित्र दाखवून शब्द. पहिला नीट शब्द निघाला तो 'पाणी'. नवरा म्हणाला, "जन्मभर गावाला पाणी पाजलं, दुसरं काय येणार तोंडात!" सगळे हसलो, बाबाही हसले, ताईंनी फोनवर ऐकून आनंदाने रडारड केली. मी हसत होते आणि आतून घाबरत होते. मनात आलेलं सांगते. मला वाटायचं, यांनी इथेच थांबावं. पाणी म्हणावं, भात म्हणावं, आमची नावं घ्यावीत, बस. पुढचं बोलणं यांना येऊच नये. सासरा मुका राहावा असं वाटणारी सून चांगली कशी म्हणायची? पण आई ज्या नजरेने त्यांच्या ओठांकडे बघत बसायच्या ती नजर मला बघवत नव्हती. वाळत चालल्या होत्या. एखादा नवा शब्द आला की मला हळूच विचारायच्या, "आता कळेल ना त्यांना सांगायला?" मी म्हणायची, "अजून अवकाश आहे."

एके दिवशी माझी सुटी होती. दुपारी मॅडम शिकवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता त्यांच्याशी नेहमीसारखं बोला. घाई करू नका, मधेच शब्द पुरवू नका. वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या."

मी बाबांची औषधं लावून ठेवत होते. आई पलंगावर त्यांच्या पायाशी बसल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले, घसा साफ केला, आणि मला कळलं. मी म्हटलं, "आई, आज दमलेत ते." आईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एक विचारायचंय. त्या दिवशी तुमचा ग्लास पडला."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तो मला बोलवायला पाडलात का?"

बाबांचे ओठ हलले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, हनुवटी थरथरायची. मी औषधाची पट्टी हातात घेऊन तशीच उभी होते.

"नाही," बाबा म्हणाले.

आईंनी श्वास सोडला. मीही सोडला. इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण बाबांना आता बोलता येत होतं, आणि त्यांना सांगायचं होतं.

"सुटला," ते म्हणाले. "हात... गेला. पाणी घेताना. ग्लास सुटला. गडगडत... तिकडे." डाव्या हाताने दार दाखवलं. "मी... घाबरलो."

"घाबरणारच हो. हात गेल्यावर माणूस घाबरणारच."

"नाही." त्यांनी मान हलवली. हे त्यांना नीट सांगायचं होतं. "आवाज झाला. म्हटलं... तू उठशील."

आई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"फटीतून... दिसत होतीस. पडलेली. मी बघितलं. हलली नाहीस." बाबा थांबले, लाळ गिळली. "बरं वाटलं. म्हटलं... झोपलीय. रात्रभर जागते... माझ्यापायी. झोपू दे."

"आणि हाक?" आई पुढे वाकल्या. "हाक मारता येत नव्हती ना तुम्हाला?"

"येत होती," बाबा म्हणाले. "तेव्हा... येत होती. बोलता येत होतं." त्यांनी हाताने हळू असं केलं, जणू कुणाला थोपटतात. "म्हटलं... उठली की सांगू. मग... तूच उठेनास. मग... बोलणंच गेलं."

मी आईंकडे बघूच शकत नव्हते. त्या फटीच्या अलीकडे हे जागे आणि पलीकडे त्या जाग्या. एकमेकांची झोप मोडू नये म्हणून दोघंही न हलता पडून राहिलेले, आणि औषध द्यायची वेळ चाललेली.

मला वाटलं, आता आई फुटतील. सांगून टाकतील की मी जागी होते, ऐकत होते, एक हाक मारायची होतीत हो. मी तयारीत पुढे झाले. आई बाबांच्या लुळ्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होत्या. मॅडमनी शिकवलेला व्यायाम होता तो. पाचही बोटं सरळ करून झाली तरी त्या बोलल्या नाहीत.

बाबांना ते शांत बसणं आवडलं नाही. त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. इतके महिने तेही काहीतरी मनात धरून होते, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"झोपली होतीस... ना?" त्यांनी विचारलं. "ग्लास... ऐकला नाहीस ना?"

"नाही हो," आई म्हणाल्या. "गाढ झोपले होते. मला काही म्हणजे काही कळलं नाही."

बाबांची मान उशीवर टेकली. "मग बरं," ते म्हणाले, आणि आईंनी रुमालाने त्यांची हनुवटी पुसली.